मनोरुग्णालय, कायदा आणि मतदार यादी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मुख्यतः तिघांकडून येतात: एलएलएमचा प्रबंध लिहिणारे विद्यार्थी, घरात आजारी माणूस असलेले नातेवाईक, आणि निवडणुकीच्या ड्युटीवर लागलेले शिक्षक-कर्मचारी. तिघांचं घोडं बहुतेक वेळा एकाच जागी अडतं, म्हणून उत्तरं एकत्र दिली आहेत. उदाहरणं नागपूरची आहेत, कायदा देशभर तोच.

मानसिक आजार असलेल्या माणसाला मताचा अधिकार असतो का?

असतो. गोळ्या सुरू आहेत, कधीकाळी दाखल होता, आजही दाखल आहे, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आहे, यातल्या कशानंही तो जात नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५० च्या कलम १६ मध्ये अपात्रतेसाठी दोन अटी एकत्र लागतात: माणूस मनोविकल (इंग्रजी कायद्यात 'अनसाउंड माइंड') असला पाहिजे आणि सक्षम न्यायालयानं त्याला तसं घोषित केलेलं असलं पाहिजे. मधला शब्द 'आणि' आहे. डॉक्टरांची फाइल कितीही जाड असली तरी ती न्यायालयाची घोषणा होत नाही.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ च्या कलम ३(५) नं हे आणखी पक्कं केलं. एखाद्याला मानसिक आजार आहे एवढ्यावरून तो मनोविकल आहे असं धरता येत नाही. त्यासाठी सक्षम न्यायालयाची घोषणाच लागते. हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे.

राज्यघटनेत तर थेट 'मनोविकलता' लिहिलं आहे ना?

लिहिलं आहे. अनुच्छेद ३२६ मध्ये अनिवास, मनोविकलता, गुन्हा आणि भ्रष्ट किंवा अवैध आचार ही कारणं आहेत. पण तो अनुच्छेद म्हणतो की या कारणांवरून घटनेनं किंवा कायद्यानं अपात्र ठरवलेलं नसेल तर प्रत्येक प्रौढ नागरिकाला नाव नोंदवण्याचा हक्क आहे. म्हणजे कारणांची यादी घटनेत आहे आणि प्रत्यक्ष अपात्रता कायद्यात. कायदा पाहायला गेलं की पुन्हा कलम १६ आणि न्यायालयाची घोषणा यावरच येऊन थांबतो. प्रबंधांत नुसता अनुच्छेद उद्धृत करून 'भारतात मनोरुग्णांना मताधिकार नाही' असं वाक्य ठोकलेलं सर्रास दिसतं. ते चूक आहे.

'सक्षम न्यायालयानं घोषित केलेला' ही भाषा आली कुठून?

मालमत्तेच्या कायद्यातून. आमच्या मते सगळ्या विषयाची किल्ली इथे आहे, म्हणून हे उत्तर लांबलं आहे.

१८५८ साली एकाच वर्षी तीन कायदे झाले: ३४ वा प्रेसिडेन्सी शहरांतल्या (कलकत्ता, मद्रास, मुंबई) तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयांसाठी, ३५ वा जिल्हा न्यायालयांसाठी आणि ३६ वा वेड्यांच्या इस्पितळांसाठी. पहिले दोन इस्टेटवाल्यांसाठी होते. ज्याच्या नावावर जमीन, वाडा, सावकारी आहे आणि ज्याला ती सांभाळता येत नाही, त्याची न्यायालयानं चौकशी करावी आणि मालमत्तेला व्यवस्थापक नेमावा, असा त्यांचा रोख. तिसरा रस्त्यावर भटकणाऱ्यांसाठी आणि 'धोकादायक' समजल्या गेलेल्यांसाठी होता. पोलीस पकडून आणत, मॅजिस्ट्रेट हुकूम देई, इस्पितळाचं दार लागे.

१९१२ च्या भारतीय वेडेपणा अधिनियमानं हे तिन्ही एका पुस्तकात बांधले, पण आतल्या दोन वाटा वेगळ्याच ठेवल्या. जिल्हा न्यायालयाच्या चौकशीचं कलम ६२ सुरूच होतं ते 'जिच्याकडे मालमत्ता आहे अशी व्यक्ती' इथून. चौकशीत दोन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागत: माणूस मनोविकल आहे, आणि स्वतःला व स्वतःचे व्यवहार सांभाळायला असमर्थ आहे.

आता मतदानाकडे या. १९१९ च्या सुधारणांखाली झालेल्या निवडणूक नियमांत 'सक्षम न्यायालयानं मनोविकल ठरवलेला' माणूस अपात्र होता. १९३५ च्या भारत सरकार कायद्याच्या सहाव्या अनुसूचीत तेच कलम आलं. त्या काळी मतच मुळी शेतसारा भरणाऱ्याला, घरपट्टी भरणाऱ्याला, शिकलेल्याला होतं. मतदारही इस्टेटवाला आणि न्यायालयात चौकशी होणाराही इस्टेटवाला. त्यामुळे कलम अंगाला बेतल्यासारखं बसत होतं.

१९५० मध्ये प्रौढ मताधिकार आला, मतदार झाले कोट्यवधी, आणि कलम जवळपास शब्दशः तेच राहिलं. परिणाम उफराटा झाला. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला मनोविकल घोषित करून घ्यायला न्यायालयात जाणार कोण, आणि कशासाठी? तो थेट इस्पितळात जाई. कागदावर त्याचं मत शाबूत राहिलं. ते गेलं दुसऱ्या दारानं, पत्त्याच्या. ते खाली.

वारसाहक्काचा याच्याशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो सहसा विसरला जातो. हिंदू वारसाहक्काच्या मिताक्षरा परंपरेत जन्मांध, बहिरा, मुका, वेडा अशा वारसाला वाटा नसे, पोटगी मिळे. हिंदू वारसा (अपात्रता निवारण) अधिनियम १९२८ नं ही यादी जन्मतः वेडा किंवा जडबुद्धी एवढ्यावर आणून ठेवली. हिंदू उत्तराधिकार अधिनियम १९५६ च्या कलम २८ नं रोग, व्यंग, विकृती या कारणांवरून वारसाहक्क नाकारणंच बंद केलं. त्यामुळे १९२८ पूर्वीच्या एखाद्या नागपुरी दाव्यात भाऊच भावाला वेडा ठरवायला निघालेला दिसला, तर आजारपणाच्या आधी सातबारा बघावा.

१९१२ च्या कायद्याखाली दाखल झालेले सगळे 'घोषित' धरायचे का?

नाही. संशोधनात सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. दाखल करण्याचा हुकूम वेगळा आणि न्यायालयीन चौकशीचा निष्कर्ष वेगळा. पहिला मॅजिस्ट्रेट देई. नातेवाइकाचा अर्ज आणि दोन वैद्यकीय दाखले, किंवा पोलिसांनी हजर केलेला माणूस, एवढ्यावर तो निघे. दुसरा मालमत्तेपुरता, नोटीस काढून, साक्षी घेऊन होई. कलम १६ ला लागतो तो दुसरा. इस्पितळाच्या दाखल-वहीतल्या नावांची बेरीज करून 'इतक्या लोकांचा मताधिकार गेला' असं लिहिलं, तर तो आकडा कायद्याच्या दृष्टीनं फोल ठरतो.

१९८७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमातही (लागू १ एप्रिल १९९३) या दोन वाटा वेगळ्याच होत्या.

आज मनोविकल घोषित करणारं 'सक्षम न्यायालय' कोणतं?

इथे कायद्यात खरोखरच भोक आहे. २०१७ च्या कायद्यानं १९८७ चा कायदा रद्द केला आणि मालमत्तेसाठीच्या न्यायालयीन चौकशीचं प्रकरण नव्या कायद्यात घेतलंच नाही. शब्द कलम १६ मध्ये उभा आहे, त्याच्या पाठीमागची यंत्रणा गेली. बेशुद्ध रुग्णाच्या बँक खात्यासाठी वगैरे कुटुंबं आता उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ खाली पालक नेमून घ्यायला जातात. केरळ उच्च न्यायालयाच्या २०१९ च्या शोभा गोपालकृष्णन निकालात त्यासाठीची पद्धत घालून दिली आहे. तसा हुकूम पालक नेमतो. त्याला कलम १६ ची घोषणा म्हणायचं असेल तर तसे शब्द त्या हुकमात दाखवावे लागतील.

न्यायालयात चाललेल्या कुठल्याही प्रकरणात कुणाच्या मानसिक आजाराचा पुरावा दिला गेला आणि समोरच्यानं तो नाकारला, तर २०१७ च्या कायद्याच्या कलम १०५ प्रमाणे न्यायालयानं तो मुद्दा मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे पाठवायचा असतो. घोषणा झालीच असं कुणी म्हणत असेल तर हा टप्पा झाला का, हा पहिला प्रश्न विचारावा.

नॅशनल ट्रस्टचं पालकत्व प्रमाणपत्र घेतलं की मत जातं का?

जात नाही. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती पालक नेमते. समिती म्हणजे न्यायालय नव्हे, आणि ती कुणाला मनोविकल घोषितही करत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम १४ खालच्या मर्यादित पालकत्वात तर निर्णय त्या व्यक्तीशी सल्लामसलत करूनच घ्यायचे असतात.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३२, नियम १५ खाली न्यायालय कधीकधी 'हा पक्षकार स्वतःचं हित जपायला असमर्थ आहे' असं म्हणून त्याच्या वतीनं दावा चालवायला माणूस नेमतं. ते त्या दाव्यापुरतं असतं. तो हुकूम निवडणूक कार्यालयात नेऊन नाव कापून घेण्याचा प्रयत्न झाला तर ठाम हरकत घ्यावी.

पालकाला मात्र पाल्याच्या वतीनं मत देता येत नाही, हेही इथेच सांगून टाकू. हा प्रश्न दर निवडणुकीला येतो.

माणूस मनोरुग्णालयात आहे. त्याचं नाव कुठल्या पत्त्यावर असायला हवं?

छिंदवाडा रोडवरचं प्रादेशिक मनोरुग्णालय राज्यातल्या चारांपैकी एक. बाकीची ठाणे, येरवडा आणि रत्नागिरीला. विदर्भाच्या कानाकोपऱ्यातून लोक इथे येतात. त्यामुळे गडचिरोलीचा माणूस नागपूरच्या यादीत घालायचा का, हा प्रश्न नुसता पुस्तकी राहत नाही.

१९५० च्या अधिनियमाचं कलम २०(३) म्हणतं: मानसिक आजाराच्या किंवा मनोदौर्बल्याच्या उपचारासाठी पूर्णतः किंवा मुख्यतः चालवलेल्या संस्थेतला रुग्ण, किंवा तुरुंगात वा अन्य कायदेशीर अटकेत असलेला माणूस, 'त्या कारणानं' तिथला सामान्य रहिवासी मानला जाणार नाही. रुग्ण आणि कैदी एकाच वाक्यात बसवले आहेत. मसुदा लिहिणाऱ्याच्या डोक्यात तेव्हा काय चित्र असेल, ते या जोडीवरून कळतं.

तरी हे कलम मत काढून घेत नाही. ते एवढंच सांगतं की इस्पितळ हा पत्ता आपोआप होत नाही. चार-सहा महिन्यांसाठी आलेल्या माणसाच्या बाबतीत ते त्याच्या फायद्याचंच आहे: नाव गावच्या यादीत राहतं, मतदानाला तो गावी जाऊ शकतो.

खरी गोची दहा-वीस वर्षं तिथेच राहिलेल्यांची होते. ती अशी. गावात बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) घरोघर पडताळणीला येतो. घरचे म्हणतात, 'तो इथं नाही राहत.' बीएलओ नोंद करतो, 'स्थलांतरित'. नाव निघतं. इकडे इस्पितळात नाव नोंदवायला जावं तर समोर कलम २०(३) धरलं जातं. माणूस दोन्ही यादींतून बाहेर, आणि न्यायालयानं त्याला एका अक्षरानंही अपात्र ठरवलेलं नाही.

यावर वाचनाची एक वाट आहे. कलमातले 'त्या कारणानं' हे शब्द महत्त्वाचे. दुसरी कारणं असतील तर रहिवास सिद्ध करता येतो: बरा झाल्याचा शेरा मिळूनही न्यायला कुणी नाही, आधार कार्डावर आणि बँक पासबुकावर तोच पत्ता आहे, परत जायला घरच उरलेलं नाही. चेन्नईत कीळपाक्कमच्या मानसिक आरोग्य संस्थेत २०१९ च्या लोकसभेला आवारातच मतदान केंद्र ठेवून तिथल्या रहिवाशांनी मत दिलं होतं. म्हणजे प्रशासनाला करायचं असेल तर आहे त्या कायद्यात ते बसतं.

नवं नाव नोंदवण्याचा अर्ज नमुना ६ मध्ये करावा, आधी कुठे नाव असेल तर पत्ता बदलण्यासाठी नमुना ८ मध्ये. सोबत संस्थेचं रहिवासाचं पत्र लावावं. त्या पत्रात 'रुग्ण म्हणून दाखल' एवढंच लिहून आणलं की अर्ज तिथेच बसतो, कारण कलम नेमकं त्याच शब्दांवर बोट ठेवतं. 'अमुक तारखेपासून इथे वास्तव्य, उपचार पूर्ण, दुसरा निवारा नाही' असं वस्तुस्थितीला धरून लिहून घ्यावं.

वसतिगृह, आश्रम, वृद्धाश्रम यांनाही कलम २०(३) लागतं का?

लागत नाही. कलमातली संस्था मानसिक आजाराच्या किंवा मनोदौर्बल्याच्या उपचारासाठी चालवलेली असावी लागते. बाकी ठिकाणी राहणारा तिथला सामान्य रहिवासी होऊ शकतो.

रस्त्यावर राहणाऱ्याचं काय?

त्याला पत्त्याचा कागद लागत नाही. निवडणूक आयोगाच्या सूचनेप्रमाणे नमुना ६ मध्ये तो झोपतो ती जागा लिहायची आणि बीएलओनं एकाहून जास्त रात्री जाऊन तो तिथेच झोपतो का ते पाहायचं. अर्ज फसतो तो जागा ढोबळ लिहिल्यामुळे. 'सीताबर्डी' असं लिहून भागत नाही. कुठल्या पुलाखाली, कुठल्या बाजूला, कुठल्या दुकानासमोर, हे लिहिलं तरच रात्री माणूस सापडतो.

नातेवाइकांनी किंवा शेजाऱ्यांनी 'हा वेडा आहे' म्हणून नाव कापायला अर्ज दिला तर?

नाव वगळण्याचा अर्ज नमुना ७ मध्ये असतो. त्यातली छापील कारणं पाहा: मृत्यू, वय कमी, गैरहजर किंवा कायमचा स्थलांतरित, आधीच नोंदलेला, भारतीय नागरिक नसणं. मनोविकलतेची चौकट त्यात नाही. म्हणून अर्ज बहुधा 'गैरहजर किंवा स्थलांतरित' या नावाखाली येतो आणि खरं कारण कागदावर उमटतच नाही. यादीतल्या वगळणीवरून अशा किती जणांची नावं गेली हे मोजता येत नाही ते यामुळेच.

नोटीस आली तर सुनावणीला जावं आणि एकच मागणी धरावी: सक्षम न्यायालयाच्या घोषणेची प्रत दाखवा. आजार किती गंभीर आहे या चर्चेत शिरू नये, ती नोंदणी अधिकाऱ्याच्या अधिकाराबाहेर आहे. निर्णय विरुद्ध गेला तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील, तिथेही नाही झालं तर ३० दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे दुसरं. अर्जदारानं जाणूनबुजून खोटं लिहिलं असेल तर १९५० च्या अधिनियमाच्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही आहे. हे कलम नुसतं मोठ्यानं वाचून दाखवलं तरी कधीकधी काम होतं.

बऱ्याचदा नोटीस येतच नाही, कारण ती गावच्या घरी जाते. म्हणून नाव आहे की नाही ते निवडणूक लागण्याआधीच पाहावं. नोंदणीसाठी आता वर्षात चार पात्रता दिनांक आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. चौकशीसाठी फोन १९५०.

न्यायालयाच्या हुकमानं इस्पितळात ठेवलेला माणूस 'अटकेत' धरला जातो का?

लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ चं कलम ६२(५) तुरुंगात बंदिस्त असलेल्याला आणि पोलिसांच्या कायदेशीर ताब्यातल्याला मत देऊ देत नाही. प्रतिबंधक स्थानबद्धता तेवढी वगळली आहे. कच्चा कैदीही त्यात अडकतो. सर्वोच्च न्यायालयानं १९९७ मध्ये अनुकूलचंद्र प्रधान खटल्यात ही बंदी वैध ठरवली. उपचारासाठी मनोरुग्णालयात हलवलेला कैदी कैदीच राहतो. ज्याच्यावर गुन्हाच नाही असा रुग्ण मात्र या कलमात येत नाही.

मतदानाच्या दिवशी सोबत माणूस नेता येतो का?

येतो, पण दोन नियम वेगळे आहेत आणि केंद्रावर त्यांची सरमिसळ होते. निवडणूक संचालन नियम १९६१ चा नियम ४९घ केंद्राच्या खोलीत कोण येऊ शकतं ते सांगतो. आधाराशिवाय चालता न येणाऱ्या अंध किंवा अपंग मतदारासोबतचा माणूस त्यात आहे. तो खोलीत येईल, खुर्ची ढकलेल, पण मतदान यंत्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे जाणार नाही.

आडोशामागे जायचं तर नियम ४९ढ. मतदाराला अंधत्वामुळे किंवा इतर शारीरिक दुर्बलतेमुळे चिन्ह ओळखता येत नाही किंवा बटण दाबता येत नाही, अशी केंद्राध्यक्षाची खात्री पटली पाहिजे. सोबती १८ वर्षांचा किंवा मोठा हवा. त्या दिवशी तो कुठल्याही केंद्रावर दुसऱ्या कुणाचा सोबती झालेला नसावा. मत गुप्त ठेवण्याचं प्रतिज्ञापत्र त्यानं द्यायचं आणि केंद्राध्यक्षानं नमुना १४क मध्ये नोंद करायची. संस्थेतून दहा जण आणले आणि काळजीवाहक एकच, असं झालं की नऊ जण अडतात. माणसं आधीच वाटून घ्यावीत.

नियमातले शब्द 'शारीरिक दुर्बलता' असे आहेत. बौद्धिक अक्षमता असलेल्या मतदाराला आडोशामागे सोबती द्यायचा का, यावर नियम गप्प आहे, आणि केंद्रागणिक वेगळं उत्तर मिळतं. यावर उपाय तयारीचा. घरी पुठ्ठ्यावर यंत्राचं चित्र काढून सराव करून घ्यावा: बटण दाबायचं, लाल दिवा लागतो, शेजारच्या यंत्राच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते, मग लांब 'बीप' येतो. हा आवाज आधी सांगून ठेवला नाही तर काही जण दचकून आडोशामागेच थांबून राहतात.

अंध मतदारांसाठी बटणांशेजारी ब्रेल अंक असतात. क्रमांकावरून उमेदवार कळावा म्हणून ब्रेल नमुना मतपत्रिका केंद्राध्यक्षाकडून आधी मागून घ्यावी. डाव्या हाताला तर्जनी नसेल तर डाव्या हाताच्या दुसऱ्या बोटाला शाई, तो हातच नसेल तर उजव्या हाताच्या बोटाला, बोटंच नसतील तर हाताचा जो भाग असेल त्याला. नियम इतका तपशिलात जातो, तरी शाई लावणारा कर्मचारी कधीकधी गोंधळतो.

नागपूरच्या उन्हाचंही नियोजन करावं लागतं. लिथियम घेणाऱ्यानं घाम जाऊन पाणी कमी होऊ देणं धोक्याचं, आणि काही मनोविकाराच्या औषधांनी घामच कमी येतो. केंद्र सकाळी सातला उघडतं. नऊच्या आत आटपावं. दिव्यांगांना रांगेत प्राधान्य असतं, ते मागून घ्यावं.

केंद्राध्यक्ष 'याला काही कळत नाही' म्हणून परत पाठवू शकतो का?

नाही. नाव यादीत आहे आणि ओळख पटली की त्यानं मत देऊ द्यायचं. मतदान प्रतिनिधी दोन रुपये भरून आक्षेप घेऊ शकतो, पण तो ओळखीबद्दल असतो, बुद्धीबद्दल नाही. ओळखपत्र नसेल तर चालणाऱ्या पर्यायांत यूडीआयडी कार्डही (दिव्यांगांचं ओळखपत्र) आहे.

घरून मत देता येतं का?

चाळीस टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर येतं. नमुना १२घ, ज्याला सगळे 'बारा डी' म्हणतात, तो अधिसूचनेनंतर पाच दिवसांच्या आत बीएलओकडे पोचला पाहिजे. अर्ज बाद होतात ते या मुदतीवर. २०२४ च्या लोकसभेला नागपूरची अधिसूचना २० मार्चची. पाचवा दिवस मोजला तर २५ मार्च येतो, म्हणजे धुळवड. मतदान १९ एप्रिलला. 'अजून महिना आहे' म्हणून थांबलेल्यांची संधी गेली. एकदा हा पर्याय घेतला की केंद्रावर मत देता येत नाही. पथकाला दुसऱ्या फेरीतही तुम्ही घरी सापडला नाहीत तर विषय संपला, म्हणून त्या दिवशी दवाखान्याची तारीख ठेवू नये.

निवडणूक लढवता येते का?

खासदारकीसाठी अनुच्छेद १०२ आणि आमदारकीसाठी १९१, दोन्हींत न्यायालयाच्या घोषणेचीच अट आहे. कुष्ठरोगाची गोष्ट वेगळी: ओडिशाच्या नगरपालिका कायद्यातली कुष्ठरुग्णांची अपात्रता सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये धीरेंद्र पांडुआ खटल्यात कायम ठेवली होती, मात्र विधिमंडळानं तिचा फेरविचार करावा असंही म्हटलं.

परदेशातले निकाल इथे उपयोगी पडतात का?

जपून वापरावेत. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाचा २०१० चा अलायोस किश विरुद्ध हंगेरी, टोकियो जिल्हा न्यायालयाचा २०१३ चा निकाल, जर्मन घटना न्यायालयाचा २०१९ चा निकाल, या सगळ्यांत पालक नेमला की मत आपोआप जाई आणि भांडण त्या 'आपोआप'शी होतं. भारतात तसा दुवा कायद्यात नाहीच. ते निकाल जसेच्या तसे उचलले तर आपल्याकडे नसलेल्या नियमाविरुद्ध युक्तिवाद होतो. भारतानं १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारातले अनुच्छेद १२ आणि २९ अधिक कामाचे. त्यांच्यापुढे मूळ कलम १६ च टिकतं का, हा प्रश्न खुला आहे.

इथल्या निकालांत वीणा सेठी (१९८२), शीला बारसे (१९९३) आणि २००१ च्या एरवाडी आगीनंतरचे आदेश डांबून ठेवण्याबद्दल आहेत. मतदानाचे दाखले म्हणून ते पुढे करू नयेत.

नागपूरची जुनी कागदपत्रं कुठे मिळतात आणि कशी वाचायची?

सिव्हिल लाइन्सच्या एका फेरीत काम होत नाही. १८६१ पासून मध्य प्रांताची राजधानी नागपूर, १९०३ मध्ये वऱ्हाड जोडला गेला, १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि बाकीचा प्रांत मध्य प्रदेशात. फायलीही तशाच फाटल्या: काही राज्य पुराभिलेखांच्या नागपूर कार्यालयात, काही भोपाळला. निकाल शोधताना ९ जानेवारी १९३६ च्या आधीचे न्यायिक आयुक्तांच्या न्यायालयाच्या नावानं पाहावेत, नंतरचे नागपूर उच्च न्यायालयाच्या.

मध्य प्रांतातल्या इस्पितळांचे, म्हणजे नागपूर आणि जबलपूरचे, वार्षिक अहवाल स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं स्कॅन करून फुकट ठेवले आहेत. शेवटी तक्ते असतात: किती आले, किती सुटले, किती मेले, जात, धंदा, वेडाचं कारण. कारणाच्या रकान्यात 'गांजा' वारंवार दिसतो आणि विद्यार्थी त्यावर अख्खं प्रकरण लिहून बसतात. भांग-गांजाची चौकशी करणाऱ्या १८९३-९४ च्या हेंप ड्रग्ज आयोगानं नेमकी याच रकान्याची उलटतपासणी केली. माणसाला आणणारा पोलीस वर्णनपत्रात कारण म्हणून गांजा लिहून देई आणि इस्पितळातला कारकून तेच वहीत उतरवून घेई. डॉक्टरांचं निदान म्हणून तो रकाना वापरता येत नाही. पोलिसांना काय लिहिणं सोयीचं होतं, हे मात्र त्यातून चांगलं कळतं.

आणखी एक. 'बरा झाला', 'सुधारला' आणि 'नातेवाइकांच्या हवाली' हे तीन वेगळे रकाने आहेत. तिन्हींची बेरीज म्हणजे बरे झालेले नव्हेत. तोच माणूस पुन्हा आला तर कधीकधी नवा धरला जातो.

मतदार याद्यांच्या बाजूनं १९४८ मध्ये सुरू झालेली पहिल्या याद्यांची तयारी पाहावी. ३१ मार्च १९४८ ला संपलेल्या वर्षात १८० दिवस वास्तव्य, अशी अट होती. त्याच याद्यांतून पुढे सुमारे २८ लाख बायकांची नावं गेली, कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता 'अमक्याची आई, तमक्याची बायको' एवढंच सांगितलं होतं. त्यांनाही कुठल्या कलमानं अपात्र केलेलं नव्हतं.

लिहिताना शब्द कोणता वापरावा?

जुन्या कागदातला शब्द अवतरणात तसाच ठेवावा: 'वेडा', 'पागलखाना', 'मतिमंद'. तो बदलला तर कायद्यानं माणसाला काय म्हटलं हेच पुसलं जातं. स्वतःच्या वाक्यात मानसिक आजार असलेली व्यक्ती, बौद्धिक अक्षमता, दिव्यांग किंवा अपंग. शेवटच्या दोनांबद्दल चळवळीतच एकमत नाही, तेव्हा एक निवडून शेवटपर्यंत तोच ठेवावा. 'मनोविकल' मात्र फक्त कायद्यातल्या अर्थानं, न्यायालयाच्या घोषणेसंदर्भातच लिहावा.

वीस-तीस वर्षांपूर्वी खरोखरच न्यायालयानं मनोविकल ठरवलं होतं, आता माणूस बरा आहे. पुढे काय?

ज्या न्यायालयानं ठरवलं तिथेच ती घोषणा मागे घेण्याचा अर्ज करावा लागतो. १९१२ च्या आणि १९८७ च्या, दोन्ही कायद्यांत त्याची सोय होती, म्हणून जुना हुकूम कुठल्या कायद्याखाली आणि कुठल्या कलमाखाली झाला ते आधी शोधावं. प्रमाणित प्रतीसाठी नक्कल विभागात अर्ज देताना प्रकरण क्रमांक आणि साल लागतं. क्रमांक हाताशी नसेल तर व्यवस्थापक नेमल्याची नोंद मालमत्तेच्या फेरफारात बहुधा सापडते, आणि तिथे हुकमाचा क्रमांक लिहिलेला असतो. घोषणा मागे घेतल्याचा हुकूम हातात आला की त्याची प्रत जोडून नमुना ६ भरावा.